ठिपक्याचा परवाना

"बाबा, दोन मिनिटांचं काम आहे," असं मुलगी म्हणाली, तेव्हा शनिवारची सकाळ होती आणि घरात सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणजे बायको माळ्यावरचं सामान काढायला शिडी शोधत होती, पण ते नेहमीचंच. शिडी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे होती आणि तिथे ती आता इतकी रुळली होती, की शेजारी तिला 'आमची शिडी' म्हणायला लागले होते.

बाबांनी आयुष्यात कुठलंही काम दोन मिनिटांत केलेलं नव्हतं. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद ते पहिल्या ओळीपासून वाचायला घेत आणि तो संपायच्या आत ताप आपोआप उतरत असे. ऑफिसात त्यांना सगळे 'कंपायलर' म्हणायचे. कंपायलर हा कॉम्प्युटरमधला असा एक प्राणी असतो, की तुम्ही कितीही छान लिहा, पहिली चूक दिसली की तो तिथेच थांबतो आणि पुढचं ऐकूनच घेत नाही. आमच्या कंपायलरांचंही तसंच होतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी समोरच्याचं वाक्य ते अर्ध्यावर अडवत.

"कसलं काम?"

"लायसन्स निवडायचं. तुमच्या 'ठिपका'ला."

'ठिपका' हे नाव या घरात बऱ्याच दिवसांनी निघालं होतं. कंपायलर पहिल्या नोकरीत असताना त्यांनी ही लायब्ररी लिहिली होती. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामांना उसनी घेता येईल अशी तयार कामांची पेटी. या पेटीत अक्षरं होती. बसच्या कपाळावर बारीक दिव्यांची पाटी असते ना, तिच्यावर कुठल्या अक्षरासाठी कुठले दिवे लावायचे, ते 'ठिपका' सांगायची. गावातल्या सगळ्या बसगाड्या एके काळी तिच्या अक्षरांत बोलत होत्या. मग नव्या गाड्या आल्या, नवे गुळगुळीत पडदे आले आणि 'ठिपका' एका जुन्या डिस्कवर जाऊन झोपली.

मुलगी जुन्या बसगाड्यांच्या संग्रहालयात दुरुस्तीचं काम करायची. तिने एक जुनी बस रंगवून उभी केली होती, पाटीचे दिवे पेटते केले होते आणि डिस्कवरून 'ठिपका'लाही जागं केलं होतं. पण संग्रहालयाच्या प्रमुखबाई नियमाला पक्क्या होत्या. "कोणाची, कशी वापरायची ते ठाऊक नसलेली वस्तू मी लावणार नाही," त्या म्हणाल्या होत्या. "सगळ्यांसमोर खुली ठेवा, कुठल्या अटींवर दिली ते लिहा, मग लावू. नाहीतर पुढच्या आठवड्यात रविवारच्या उद्‌घाटनाला सरळ नवा पडदा बसवते."

"आणि आमची अक्षरं?"

"भंगारात, बाबा. म्हणून म्हणते, निवडा पटकन."

कंपायलरांनी चष्मा पुसला आणि परवाने वाचायला घेतले. मुलीने कपाळाला हात लावला. "बाबा, हे कोणी वाचत नाही हो!"

"म्हणूनच जगाचं असं झालंय. हा बघ, इथे स्वल्पविराम जास्तीचा आहे."

शेवटी तिनेच सोप्या भाषेत सांगितलं. "दोनच जाती समजा. पहिली म्हणजे, घ्या, काय वाटेल ते करा, फक्त आमचं नाव पुसू नका. दुसरी म्हणजे, घ्या, बदलसुद्धा करा. पण काय बदललं, कोणी बदललं ते लिहा आणि तुमचं बदललेलंही सगळ्यांना असंच मोकळं द्या."

"पहिली," कंपायलर म्हणाले. "एकदा दिलं की दिलं."

"आलं लक्षात," आतून बायकोचा आवाज आला. "ड्रिल असंच गेलं. इस्त्री अशीच गेली. शिडीच्या वेळी मी नव्हते घरात, नाहीतर तिला मी दुसरं लायसन्स लावलं असतं."

"शिडी आणि सॉफ्टवेअर यात फरक आहे. सॉफ्टवेअर दिलं तरी आपल्याकडे राहतं."

"मग सॉफ्टवेअरवर चढून काढा माळ्यावरचं सामान."

या विषयावर आणखी बोलण्यात अर्थ नव्हता. मुलीने पुढचा चौकोन उघडला. तिथे 'लिहिणारे' असं विचारलं होतं. "तुमचं एकट्याचंच नाव ना?" ती म्हणाली आणि इथेच माशी शिंकली. कंपायलर खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"अर्धी त्याची आहे," ते म्हणाले.

"कोणाची?"

"बॅकअपची," बायकोनेच उत्तर दिलं आणि शिडीचा विषय त्या दिवसापुरता संपला.

बॅकअप हा कंपायलरांचा एके काळचा जिवलग दोस्त. प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती ठेवायची सवय, म्हणून हे नाव. खिशाला दोन पेनं, हातात दोन छत्र्या. हे दोघं टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत, साहेबांच्या छोट्या कंपनीत शेजारी शेजारी बसायचे. खालून रबराचा वास यायचा आणि पंखा फिरताना एका जागी कण्हायचा. अक्षरं मात्र त्यांनी ऑफिसात केली नाहीत. ती केली या घरात, याच टेबलावर, बायकोच्या गुंड्यांच्या डब्यातल्या गुंड्या चौकटीच्या कागदावर मांडून. दोघांनी वर्णमाला वाटून घेतली होती. अक्षर मांडून झालं की एकाने कागद उभा धरायचा आणि दुसऱ्याने त्याच्याकडे बघत उलट्या पावलांनी दारातून जिन्याकडे जायचं. जिथे वाचता येईनासं होईल तिथून ओरडायचं. मुलगी तेव्हा एवढीशी होती. शाळेच्या शर्टाला गुंडी नाही म्हणून ती रडली, तेव्हा बॅकअप म्हणाला होता, "थांब बाळा, तुझी गुंडी 'भ'च्या पोटात आहे. लगेच काढता येणार नाही." तिने ते आजवर लक्षात ठेवलं होतं.

त्या दिवसांसारखे दिवस कंपायलरांच्या वाट्याला पुन्हा आले नाहीत. पुढे मोठ्या कंपन्या मिळाल्या, मोठी टेबलं मिळाली, पण दोन माणसं एका अक्षरासाठी जेवण विसरली आहेत, असं पुन्हा कधी झालं नाही. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला ते न सांगता माहीत होतं.

मग 'ळ'चं भांडण झालं. 'ळ' कंपायलरांच्या वाटणीचा आणि त्यांचा लाडका. दोन वाटोळी पोटं आणि मधोमध दोघांना जोडणारा एक ठिपका. एका संध्याकाळी ते स्टॉपवर उभे असताना 'तळे' अशी पाटी लावलेली बस आली आणि ते रस्त्यात उतरून बघायला लागले. ठिपका जागेवर नव्हता! कोणीतरी तो एक घर खाली सरकवला होता. लायब्ररीची दुसरी प्रत फक्त बॅकअपकडे असायची, म्हणजे हे काम त्याचंच. बॅकअपने आपल्या दोन्ही प्रती काढून दाखवल्या. दोन्हींत ठिपका खालीच होता. "पहिल्यापासून असाच आहे. तूच ठेवलास आणि विसरलास," तो म्हणाला. कंपायलरांना कोणी विसरभोळं म्हणावं आणि त्यांनी ऐकून घ्यावं, हे शक्यच नव्हतं. दोघं बोलेनासे झाले, मग नोकऱ्या बदलल्या आणि एका ठिपक्यावर वर्षंच्या वर्षं निघून गेली.

"करा फोन," बायको म्हणाली.

"मी का करू?"

"अक्षरं तुमची भंगारात चाललीत, माझी नाही."

कंपायलरांनी नंबर लावला. पलीकडून लगेच फोन उचलला गेला.

"हॅलो. मी बोलतोय."

"कोण मी?"

"आवाज ओळखला नाहीस?"

"ओळखला. नंबरसुद्धा आहे माझ्याकडे. दोन ठिकाणी लिहून ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅकअप दारात उभा राहिला. केस गेले होते, छत्र्या मात्र दोन होत्या. ऊन लख्ख पडलं होतं. "वहिनी, तुम्ही अजिबात बदलला नाहीत," तो म्हणाला. "घर पण तसंच. ती माळ्याची शिडी कुठे गेली?"

"या, आधी बसा," बायको म्हणाली, "मग सांगते."

चहा येईपर्यंत दोघं हवामानावर बोलले. चहा संपल्यावर हवामानही संपलं. मग मुलीने परवान्याच्या दोन्ही जाती पुन्हा समजावल्या आणि बॅकअपने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "दुसरी. बदललं की लिहायलाच पाहिजे. तेव्हा हा नियम असता, तर 'ळ'ला हात कोणी लावला ते लेखी राहिलं असतं."

"राहिलंच असतं," कंपायलर म्हणाले. "तुझ्या नावासकट."

"तुझ्या."

"मग दुसरंच लायसन्स हवं मला. कडक. असेल तर याहून कडक दे गं."

"मला पण!"

अशा रीतीने, एकमेकांना गुन्हेगार ठरवण्यासाठी का होईना, दोघांचं एकमत झालं. मुलगी खूश होऊन शेवटच्या चौकोनाकडे वळली आणि तिथे थबकली. "इथे मालकाचं नाव विचारलंय. काका, हे लिहिताना तुम्ही दोघं पगारावर होता ना?"

"मग काय, हवेवर होतो?"

"मग मालक तुम्ही नाहीच. नोकरीत केलेलं काम कंपनीचं. म्हणजे साहेबांचं."

दोघांचे चेहरे पडले. सकाळपासून ते जे इतक्या उदारपणे जगाला वाटत होते, ते त्यांचं नव्हतंच.

साहेब अजून त्याच जुन्या घरात राहत होते. दुपारी तिघं तिथे पोचली. दार उघडंच होतं, तरी दोघंही उंबऱ्याशी उभे राहिले आणि मुलीने ढकललं तेव्हा आत शिरले. साहेब खुर्चीत कुंडीतल्या रोपाची वाळलेली पानं खुडत होते. त्यांनी मान वर करून आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोघांनीही नकळत शर्टाच्या बाह्या नीट केल्या.

"बोला. सुट्टी हवी आहे?"

मुलीने सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. 'ठिपका' अजून चालते म्हटल्यावर त्यांच्या हातातलं पान तसंच राहिलं. "ती पहिली बस निघाली होती ना," ते म्हणाले, "मी स्कूटरवरून तिच्या मागे गेलो होतो. पाटी पुढच्या बाजूला असते हे लक्षातच आलं नाही. शेवटच्या स्टॉपपर्यंत मागूनच बघत होतो." मग त्यांनी पान कुंडीत टाकलं. "द्या की सगळ्यांना. माझ्या कपाटात ठेवून काय करू? कुठे सही करायची?"

"साहेब, आधी अटी वाचतो," कंपायलर म्हणाले आणि त्यांनी परवाना पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेतला. साहेबांचा डोळा लागला. 'ज्याने जो बदल केला असेल त्याने तो स्पष्ट नोंदवावा' इथे मात्र ते एकदम जागे झाले.

"म्हणजे ठिपका पण लिहावा लागणार?"

"कुठला ठिपका?" दोघांनी एकदम विचारलं.

"तो 'ळ'मधला. मी खाली सरकवला होता तो."

कंपायलरांनी परवाना मिटला.

"तुम्ही?" ते म्हणाले.

"तुम्ही दोघं चहाला गेला होतात. बराच वेळ जायचात तुम्ही चहाला. तेवढ्यात बसवाल्यांचा माणूस आला, नमुना बघून म्हणाला, हा चष्मा कुठल्या स्टॉपला उतरतो? म्हणून मी एक ठिपका खाली घेतला. मग याने आल्यावर प्रती काढल्या, दोन."

"पण आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगणारच होतो. पण तुम्ही दोघं त्या 'ळ'चं इतकं कौतुक करत होतात, जीभ रेटेना. पुढे तुम्ही बोलेनासे झालात. मला वाटलं, काहीतरी घरगुती असेल."

साहेबांनी सही केली. जिना उतरल्यावर मुलगी सही घेऊन संग्रहालयाकडे गेली आणि दोघं चालत कोपऱ्यावर आले. तिथे बॅकअप थांबला. "माझ्या मुलीचं लग्न झालं," तो म्हणाला. "तुला बोलवायचं फार मनात होतं. पत्रिका काढून ठेवली होती. दोन."

कंपायलरांना भरून आलं. "मी आलो असतो रे," ते म्हणाले. खरं म्हणजे आले नसते, हे त्या वेळी दोघांनाही ठाऊक होतं, पण वाक्य अडवायला आज कोणी कंपायलर नव्हता. त्यांनी बॅकअपच्या हातातली एक छत्री आपल्या हातात घेतली आणि दोघं चालायला लागले.

घरी आले तर जिन्यात शेजारी शिडी घेऊन उभे होते. शिडीला एक नवी पायरी ठोकलेली होती आणि वरून हिरवा रंग दिलेला होता. "वहिनींनी दारावर चिठ्ठी लावली होती," ते ओशाळून म्हणाले. "'घ्या, बदला, पण बदललेलं परत आणा' अशी. म्हटलं, बदल केल्याशिवाय कशी आणायची?"

त्या आठवड्यात दोघांनी ठरवून टाकलं, की 'ळ' पुन्हा मूळ रूपात आणायचा. ठिपका वर जाणार! अन्यायाचं परिमार्जन म्हणतात ते हेच, असं बॅकअप म्हणाला. मुलीने बदल करून दिला आणि शनिवारी संग्रहालयाच्या आवारात सगळे जमले. लाल रंगाची ती जुनी बस उन्हात उभी होती. मुलीने बटण दाबलं. पाटीवर एक एक दिवा लागत गेला आणि 'तळे' हा शब्द उजळला. कंपायलरांनी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. बॅकअपने तर रुमाल काढला, मग दुसराही काढला.

तेवढ्यात फाटकातून डबा घेऊन बायको आली. तिने लांबूनच डोळे बारीक केले. "अहो, त्या गाडीवर चष्मा कसला काढलाय?"

बॅकअप पाटीकडे बघत उलट्या पावलांनी मागे जायला लागला, पूर्वी जिन्याकडे जायचा तसा. थोडं अंतर गेल्यावर तो थांबला.

"दिसतंय का?" कंपायलर ओरडले.

"दिसतंय!"

"काय दिसतंय?"

जरा वेळाने आवाज आला, "चष्मा."

ठिपका निमूटपणे परत खाली आला. 'ळ' लगेच 'ळ' झाला, अगदी स्टॉपवरून पाहिला होता तसा. "झालं, आता कोणाला काही सांगायची गरज नाही," बॅकअप हळूच म्हणाला, पण मुलीने लॅपटॉप पुढे केला.

"असं कसं काका? कडक लायसन्स कोणी निवडलं? काय बदललं, कोणी बदललं ते लिहा. आणि का बदललं, तेही."

"अगं, पण लिहिली आम्हीच ना ती!"

"मालक साहेब. तुम्ही आता रस्त्यावरच्या कोणाहीसारखे."

कंपायलर टाइप करायला बसले. 'ळ: वर नेलेला ठिपका पुन्हा खाली घेतला.' खाली दोघांची नावं घातली. 'का' या शब्दापुढे मात्र त्यांचं बोट अडलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या, पण स्वतःची लिहायची म्हणजे कुठून सुरुवात करतात, हे काही केल्या आठवेना. 'कारण साहेबांची तशी इच्छा होती,' असं त्यांनी लिहिलं.

"खरं लिही," मागून बॅकअप म्हणाला.

त्यांनी ते पुसलं आणि लिहिलं, 'कारण तो तिथेच बरोबर दिसतो. साहेब बरोबर होते. आम्ही चुकलो.' जगातल्या कोणालाही वाचता येईल, अशा जागी ते वाक्य जाऊन बसलं.

रविवारी उद्‌घाटनाला गर्दी झाली. साहेबांना पुढे खुर्ची दिली होती, पण ते बसेनात. ते बसच्या पुढून हलायलाच तयार नव्हते. मूळची दोन माणसं मात्र पाटीकडे तोंड करून उलट्या पावलांनी मागे मागे चालली होती. आवार संपलं तरी 'तळे' वाचता येत होतं. फाटकाबाहेर गेले तरी येत होतं. मग ती दोघं रस्ता ओलांडून कोपऱ्यावर दिसेनाशी झाली.

"बाबा आणि काका कुठे गेले?" मुलीने विचारलं.

साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चहाला. आता लवकर यायचे नाहीत." मग त्यांनी इकडेतिकडे बघत खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली. "तेवढ्यात तो 'त' जरा काढ बघू. त्याचा एक ठिपका मला पहिल्यापासून खटकतोय."

"साहेब, नोंद करावी लागेल हं."

"कर की," साहेब म्हणाले. "आता कसली भीती? परवाना आहे."